भाऊंची लेन्स, अकोल्याची रिंग

मनमाडला गाडी सव्वा तास उशिरा आली आणि माझ्या आरक्षित खिडकीत एक बाई मांडी घालून शेंगा सोलत बसली होती. मी तिकीट पुढे केलं.

"बसा की तिकडं. खिडकीतून काय सोनं दिसणार आहे?" ती म्हणाली.

मी तिला उठवलं. सोनं दिसणार नाही हे मलाही ठाऊक होतं. जळगावच्या आसपास केळीच्या बागा दिसतात, भुसावळला चहावाले दिसतात, मलकापूर गेलं की काळी जमीन सुरू होते. जानेवारी अखेरचे दिवस होते. तूर कापून झाली होती, हरभरा घाटे धरत होता आणि पऱ्हाटीची (कपाशीची) वाळकी झाडं शेतात तशीच उभी होती. बावीस वर्षांत मी त्या बाजूला फिरकले नव्हते. काळी जमीन दिसली की लोकांना माहेर आठवतं. मला भांडण आठवतं.

मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती आणि बॅगेत, जुन्या ओढणीत गुंडाळलेली, भाऊंनी दिलेली लेन्स.

संगमनेरात मला लोक स्टुडिओवाली ताई म्हणून ओळखतात, पण माझं माहेर तिवसा, अमरावतीहून नागपूरला जाताना लागतं ते. एकोणिसाव्या वर्षी मी अमरावतीला बाबाराव नावाच्या फोटोग्राफरकडे कामाला लागले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. सहा वर्षं तिथे काढली. आधी झाडू मारला, मग प्रिंट धुतल्या, मग हळदीला आणि डोहाळजेवणाला बायकांचे फोटो काढायला जाऊ लागले, कारण घरातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर अंग चोरायच्या.

एकदा भाऊंना ताप होता आणि वलगावच्या एका बारशाला त्यांनी मला पाठवलं. बारसं आटोपून एसटीची वाट बघत असताना समोरून कापसाची बैलगाडी आली. गाडीवर कापसाचा ढीग, ढिगावर एक बाई हातपाय पसरून गाढ झोपलेली, आणि खाली कासरा हातात धरून तिचा नवराही झोपलेला. बैल आपले आपण घराकडे चालले होते. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो मी काढला. त्या फोटोला पुढे जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. मंचावर भाऊ गेले. फोटो मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लागला आणि खाली पितळी पट्टी आली: छायाचित्र, आणि भाऊंचं नाव.

मी काही बोलले नाही. बोलायचं वय नव्हतं. पण तिथून निघायचं ठरवलं ते त्याच आठवड्यात. माझ्याआधी प्रकाश नावाचा मुलगा काम सोडून यवतमाळला गेला तेव्हा भाऊंनी त्याला कॅमेरा दिला होता, चालू, पट्ट्यासकट. मला त्यांनी एक लेन्स दिली. नुसती लेन्स. ती ज्या कंपनीची होती त्या कंपनीचा कॅमेरा घेण्याची माझी ऐपत नव्हती आणि पुढे ती कंपनीच बंद पडली. मला जुन्या बाजारात परवडला तो कॅमेरा दुसऱ्याच कंपनीचा. प्रत्येक कंपनी लेन्स बसवायचं तोंड वेगळं ठेवते, म्हणजे एकदा तिच्याकडे गेलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. त्यामुळे बावीस वर्षं ती लेन्स कपाटात पडून होती. कपाट उघडलं की दिसायची आणि दिसली की माझा दिवस खराब जायचा.

मागच्या वर्षी मी नवा, बिनआरशाचा कॅमेरा घेतला. जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा, त्याला जागा लागायची. आरसा गेला, पोट उथळ झालं आणि पुढे जागा मोकळी झाली. त्या जागेत योग्य जाडीची रिंग, म्हणजे ॲडॉप्टर, बसवली की कोणत्याही कंपनीची जुनी लेन्स अशा कॅमेऱ्यावर चढते. त्यातच प्रकाशचा निरोप आला: भाऊ स्टुडिओ बंद करून मुलाकडे नागपूरला चाललेत, रविवारी सगळे जुने विद्यार्थी जमणार, एक ग्रुप फोटो काढू.

मी ठरवलं, तो फोटो याच लेन्सने काढायचा. आणि काढण्याआधी सगळ्यांसमोर भाऊंच्या तोंडून वदवून घ्यायचं की वलगावचा फोटो माझा आहे. बाकी मला अमरावतीत काही काम नव्हतं.

या लेन्सची तयार रिंग मी आधी घरबसल्या मागवली होती. तिच्यात लेन्स खुळखुळ वाजायची. परत पाठवली. मग कोणीतरी अकोल्याच्या हमीदभाईंचं नाव सांगितलं. ते लेथवर रिंग कातून देतात. म्हणून आधी अकोला.

अकोल्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. रिक्षावाल्याने जुन्या शहरात जायचे दीडशे सांगितले. मी म्हटलं, "ऐंशी."

"ऐंशीत पेट्रोल येते का बाई?"

"मी काय टाकी भरून मागून रायली का?" माझ्या तोंडून आपोआप वऱ्हाडी निघालं. तो हसला आणि शंभरात आला. मोर्णा नदीच्या पुलावरून पलीकडे गेलो की रस्ते एकदम अरुंद होतात. एका बाजूला मसाल्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला कुलपं, चाव्या, पंपांचे सुटे भाग. एका बोळात, पंप दुरुस्तीच्या दुकानामागे हमीदभाईंचा लेथ होता. साठीचा माणूस, चष्म्याला एका बाजूने दोरी बांधलेली. माझी लेन्स त्यांनी कापडाने धरली, बोटाने नाही. हे मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

मी सोबत त्या बंद पडलेल्या कंपनीचा एक मेलेला कॅमेराही नेला होता, भंगारात मिळालेला. त्याचं तोंड काढून पुढे लावायचं, मागे माझ्या कॅमेऱ्याचं तोंड, आणि मधे ॲल्युमिनियमचं कडं.

"बावीसशे," हमीदभाई म्हणाले.

"बाराशे. तोंड मी आणलंय."

"तोंड तुमचं, पण डोकं माहं लागते ना ताई."

मी लेन्स ओढणीत गुंडाळली आणि चालायला लागले. ही माझी जुनी रीत आहे. पाच पावलं टाकायची, मागे बघायचं नाही. चौथ्या पावलाला हाक आली. चौदाशेत ठरलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुमी संगमनेरच्या नाई वाटत. तुमी इकडच्याच." मी म्हटलं, "तिवश्याची." "मंग बरोबर," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

संध्याकाळी एका खानावळीत रोडगे (गव्हाच्या जाड पिठाचे, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले गोळे) आणि वांग्याची भाजी खाल्ली. रोडगा फोडून त्यावर तूप ओतायचं असतं. वाढणाऱ्याने चमचाभर तूप घातलं. मी वाटी पुढे धरून ठेवली. त्याने दुसरा चमचा घातला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिसराही घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग तयार होती. हमीदभाईंनी मला दुकानाबाहेर उभं केलं. "ते पाण्याची टाकी दिसते का? तिची शिडी पाहा." मी लेन्सवरचा आकडा सगळ्यात लांबच्या खुणेवर लावला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. शिडीची पायरी न् पायरी स्वच्छ मोजता येत होती. बावीस वर्षांनी त्या लेन्समधून मी पहिल्यांदा काही नीट पाहिलं. 

पैसे देऊन निघाले तेव्हा मागून ते म्हणाले, "ताई, एक ध्यानात ठेवा. रिंगचे स्क्रू खोलू नका."

मी मान हलवली.

अमरावतीची एसटी मूर्तिजापूरला अर्धा तास थांबली, कारण वाहकाला डबा खायचा होता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ संत्र्यांची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी मला दोन संत्री दिली आणि मग बडनेऱ्यापर्यंत सांगत राहिले की यंदा संत्र्यात रस नाही. रस होता. वऱ्हाडात माणूस आपल्या वस्तूला नावं ठेवून दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. मी तसं कधी केलं नाही, म्हणून माझा धंदा चालला.

त्या सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. स्क्रू खोलू नका. का खोलू नका? धंद्यात मी एक गोष्ट शिकले आहे. विकणारा जे उघडू नका म्हणतो ते घरी जाऊन आधी उघडायचं. अल्बमवाल्याने एकदा असंच सांगितलं होतं, तर पुठ्ठ्याच्या आत रद्दी निघाली. फ्लॅशवाल्याने सांगितलं होतं, तर आत दुसऱ्याच बॅटऱ्या.

लॉजवर पोचल्याबरोबर मी बारीक पेचकस काढला. चार स्क्रू होते. कड्याचे दोन भाग वेगळे झाले आणि मधून तांब्याची एक पातळ पत्री खाली पडली. कात्रीने गोल कापलेली, व्हिजिटिंग कार्डाइतकी जाड. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे कडं आखूड कातलं होतं आणि ठिगळ लावून मला खपवलं होतं! आठशे कमी केले म्हणून त्याने धातू कमी घातला. मी पत्री लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चारही स्क्रू घट्ट आवळले. रिंग आता जास्त मजबूत बसली, असं मला वाटलं. लेन्स लावून बघितली, चढली, खुळखुळ नाही. खोलीतून लांबचं काही दिसत नव्हतं. खिडकीसमोर भिंत होती.

रविवारी सकाळी गिला वडा (दह्यात बुडवलेला उडदाचा वडा, वर तिखट-गोड चटणी) खाऊन मी स्टुडिओत गेले. जिना तोच होता. आत मात्र सगळं सामान खोक्यांत गेलं होतं. पडदे काढलेले, दिव्यांचे स्टँड दोरीने बांधलेले. भिंतीवर एकच गोष्ट उरली होती: वलगावचा फोटो. ती बाई अजून कापसावर झोपलेली होती आणि तिच्या खाली ती पितळी पट्टी घासूनपुसून लखलखीत केलेली होती.

भाऊ खुर्चीत बसले होते. अंग वाळलंय, पण आवाज तसाच.

"काय वं सुलभे, जाडी झाली."

"तुम्ही बारीक झालात म्हणून मी जाडी दिसते, भाऊ."

सगळे हसले. नऊ जण जमले होते. प्रकाश आता लग्नांचे सिनेमे काढतो, त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत, असं त्याने मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. चहा झाला, पेढे झाले. मी भाऊंना कॅमेरा दाखवला. "ही लेन्स ओळखली का?"

त्यांनी ती हातात घेतली, फिरवली. "चढली का ही? कशी चढली?"

"रिंग करून घेतली."

"वा." ते खरोखर खूश झाले होते. मला वाटलं, आता विचारावं.

"भाऊ, सगळे आहेत म्हणून विचारते. हा वलगावचा फोटो कोणी काढला ते सांगा ना यांना."

 भाऊंनी लेन्स माझ्या हातात परत दिली.

"स्टुडिओनं काढला."

"स्टुडिओला हात असतात का?"

"हात तुहे. रोल माहा, कॅमेरा माहा, वलगावले जायाचं भाडं माहं. मंग नाव कोनाचं लागन?"

कोणीतरी हसलं. मग बाकीचेही हसले, कारण भाऊ बोलले की हसायची सवय सगळ्यांना तिथेच लागली होती. प्रकाश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ दे ना ताई. काहून (कशाला) आजच काढून रायली? म्हातारा मानूस."

"म्हातारा आज झालाय. पट्टी लावली तेव्हा जवान होता," मी म्हटलं आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"फोटो काढतं का भांडतं?" भाऊ म्हणाले.

"दोन्ही करते," मी म्हटलं.

"मंग तूच काढ. तुह्याइतकं कोनाले जमते?"

सहा वर्षं हेच ऐकलं होतं. तूच काढ. त्यामुळे स्टुडिओच्या एकाही फोटोत मी नाही. या वेळी मी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि सांगितलं, मी पण फोटोत उभी राहणार, बटण आपोआप दाबलं जाईल. भाऊंनी आम्हाला शिकवलं होतं, "डोयानं (डोळ्यांनी) फोकस कोनीबी करते. तुमी फुटानं करा." ग्रुप फोटो असला की टेप लावून अंतर मोजायचं, लेन्सवर तो आकडा लावायचा आणि मग काचेत बघायचंही नाही. आम्ही सगळे अजून तसंच करतो. मी टेप लावली. भाऊंच्या खुर्चीपर्यंत बारा फूट. बारावर आकडा लावला. उजेड फक्त खिडकीचा होता आणि फ्लॅश मला मारायचा नव्हता, म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवली. अशी ठेवली की लावलेल्या अंतरावरचं तेवढंच साफ येतं, पुढचं-मागचं धूसर. भाऊ बघत होते. मी बरोबर करतेय की नाही ते बघत होते. 

मी जाऊन टोकाला उभी राहिले. चार फोटो निघाले. पडद्यावर चौकट नीट दिसली, कोणाचं डोकं कापलं गेलं नव्हतं. मोठं करून बघायला मी थांबले नाही. माझं डोकं तापलेलं होतं आणि मला तिथून बाहेर पडायचं होतं. दुपारपर्यंत सगळे आपापल्या गाड्यांनी निघाले. संध्याकाळी भाऊंचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला.

सोमवारी सकाळी बसस्थानकासमोर तर्री-पोहे (झणझणीत हरभऱ्याचा रस्सा घातलेले पोहे) खाताना मी फोटो मोठे करून बघितले. पहिला बघितला, मग दुसरा. मग घास तसाच ठेवून उरलेले दोन.

भाऊंचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा होता. प्रकाश, बाकीचे, टोकाला मी, सगळे धूसर. डोळे कुठे संपतात आणि चष्मा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आणि आमच्या मागे, आठ फुटांवर, भिंत स्वच्छ होती. रंगाचा पोपडा दिसत होता. वलगावची बाई दिसत होती, कापसाचा तंतू न् तंतू दिसत होता आणि पितळी पट्टीवरचं भाऊंचं नाव तर अगदी कोरल्यासारखं.

जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकाशने सकाळीच विचारलं होतं, "ताई, फोटो?" मी लिहिलं, "रिंगवाल्याने फसवलं. फोटो बिघडले." त्याने लगेच लिहिलं, "कोण तो? नाव सांग, आमी पण सावध राहू." मी नाव लिहिलं. गावही लिहिलं. आणि मिळेल त्या एसटीत बसून अकोल्याला निघाले.

दोन तास मी मनातल्या मनात भांडत होते. कोणता शब्द आधी, कोणता नंतर, सगळं ठरलं होतं. शेजारची बाई जागा बदलून मागे जाऊन बसली, तेव्हा कळलं की मी मोठ्याने बोलत होते.

हमीदभाई जेवायला बसणार होते. मी कॅमेरा त्यांच्या लेथवर आपटायचाच बाकी ठेवला. "चौदाशे घेतले आणि ठिगळ लावून दिलं! टेप लावून बारा फूट मोजले होते, तरी नऊ माणसांचा फोटो गेला. ती नऊ माणसं पुन्हा एका ठिकाणी येणार आहेत का?"

बोळात पंपवाला येऊन उभा राहिला. हमीदभाईंनी डबा बंद केला, हात पुसले, रिंग कॅमेऱ्यावरून काढली आणि तिच्या जाडीला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. एकदा लावला, चष्मा सारखा करून पुन्हा लावला.

"पत्री कुठी हाये?"

"कोणती पत्री?"

"तांब्याची. मधात ठेवली होती ते."

"टाकून दिली," मी म्हटलं. 

"ताई, कडं मी मुद्दाम केसभर आखूड कातत असतो. लेथवर केसाचा हिसाब नाई जमत. पत्रीनं जमते. एक पत्री लावा, टाकी पाहा, नाई जमली तं दुसरी लावा. तुमच्या रिंगले सात पत्र्या कापल्या मी. सातवी बसली. लेन्स तेवढी मांगं सरकली का सगळे आकडे झूट बोलतात. तुमी बारा फूट म्हणता, थे वीस फूट पायते."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. स्क्रू खोलू नका म्हटलं."

"असं म्हटल्यावर कोणीही खोलणार!"

"कोनीबी नाई," हमीदभाई म्हणाले. "चाळीस रिंगा केल्या असतीन. तुमी पह्यल्याच."

पंपवाला हसत निघून गेला. हमीदभाईंनी खणातून तांब्याचा तुकडा काढला आणि कात्री लावली. मी तिथेच स्टुलावर बसले. जेवण बाजूला ठेवून ते पत्र्या कापत होते, घालत होते, टाकीकडे बघत होते. मला म्हणायला हवं होतं की आधी जेवा. म्हटलं नाही.

बसल्या बसल्या मी भाऊंना फोन लावला. तो लावायला मला रागापेक्षा जास्त ताकद लागली.

"भाऊ, फोटो बिघडला."

"काहून? टेप तं लावली होती तू. मी पायलं."

"रिंग उघडली होती मी. आतली पत्री काढून टाकली. चूक माझी."

ते बराच वेळ हसले, मग खोकले. "खोलल्याबिगर तुहं पोट नाई भरत. मंग काहीच साफ आलं नाई का?"

"आलं. मागची भिंत आली. वलगावचा फोटो आला. तुमच्या नावासकट."

 पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"तुहाच व्हय तो," भाऊ म्हणाले. "म्हणून तं तुले लेन्स देल्ली. त्याच लेन्सनं काढला होता ना. प्रकाशले कॅमेरा देल्ला, कोनालेबी देता येते. थे लेन्स तुहीच होती."

ही गोष्ट मला बावीस वर्षं सुचली नव्हती. लेन्स तीच होती. मीच लावली होती, मीच काढली होती, आणि तरी मला ती फक्त बिनकॅमेऱ्याची दिसली.

पण मी विरघळले नाही. "मग हे काल सगळ्यांसमोर का नाही म्हणालात?"

"सगळ्याईसमोर काय म्हणाचं असते आता? पट्टी लागून गेली." आणि मुलाने हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणले?" हमीदभाईंनी विचारलं.

"म्हणाले, फोटो तुझाच."

"बरं," ते म्हणाले. त्यांना त्याचं काय? त्यांनी रिंग माझ्या हातात दिली. टाकीची शिडी पुन्हा पायरी न् पायरी दिसत होती. मी पैसे काढले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पत्रीचे काय घ्याचे?" मी भाव करून हरले असते तर बरं वाटलं असतं. भाव न करता हरण्याची मला सवय नाही.

परतीच्या गाडीत खिडकी माझीच होती, पण बाहेर फार बघितलं नाही. घरी आल्यावर दोन दिवस ग्रुपवर विचारणा चालू होती. शेवटी चारपैकी त्यातल्या त्यात बरा फोटो मी तसाच टाकला. काही न लिहिता.  मग प्रकाशने लिहिलं, "चेहरे नाही आले, पण भाऊंचा वलगावचा फोटो काय साफ दिसतोय! जुनी कला." त्याखाली चौघांनी टाळ्या टाकल्या. आणि थोड्या वेळाने भाऊंनी, बहुधा मुलाकडून फोन धरवून, हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

ते चिन्ह मी पुष्कळ वेळ बघत होते. माझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत उभं होतं. त्याला मी म्हटलं, बसा.

दुकान मी कोणाकडे मागून घेतलं नाही. जागा, मशीन, नाव, भाव, सगळं हिसकावून घेतलं. ही एकच गोष्ट दुसऱ्याने द्यावी म्हणून बावीस वर्षं थांबले, आणि ज्याने द्यायची त्याने ती फोनवर दिली, एका लेथवाल्याशिवाय कोणी ऐकणार नाही अशा जागी.

मी ग्रुपवर लिहिलं: "दोन्ही फोटो माझे आहेत. भिंतीवरचा वलगावचा मी काढला. पुढचा बिघडलेलाही मीच काढला आणि मीच बिघडवला. हमीदभाईंच्या रिंगमध्ये काही दोष नव्हता. मी त्यांचं नाव खराब केलं, ते परत घेते."

लिहून पाठवलं आणि पासपोर्टवाल्याला उभं केलं. हनुवटी वर घ्या म्हटलं. आठवडा झाला. सगळ्यांनी वाचलं आहे, तसं तिथे दिसतं. उत्तर कोणाचंच आलेलं नाही. प्रकाशने परवा एका लग्नाचा सिनेमा टाकला, त्याला खूप टाळ्या पडल्या.